तगराची वाट : एक प्राचीन व्यापारी मार्ग, विखुरलेले वस्तुसंग्रह आणि आजचा प्रवासी

इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे एक लहानसे पुस्तक लिहिले. लेखकाचे नाव उपलब्ध नाही. पुस्तक ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ ह्या नावाने ओळखले जाते. त्यात बॅरिगाझा म्हणजे भडोच येथील बाजारपेठेचे वर्णन करताना दक्षिणेतील दोन नगरांचा उल्लेख येतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखा खडा मोठ्या प्रमाणात येई, तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि समुद्रकाठच्या प्रदेशातून तेथे येऊन पडलेला इतर माल येई. हा सर्व माल जेथे धड रस्ते नाहीत अशा मुलखातून गाड्यांवर घालून भडोचला नेला जाई. एवढीच ती हकीकत. परंतु तिने संशोधकांची जवळजवळ शंभर वर्षे खर्ची घातली, कारण पैठण कोठे आहे हे सर्वांस ठाऊक होते आणि तगर कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते.

विल्फर्डने तगर म्हणजे देवगिरी असे सुचविले. बर्जेसने त्याच परिसरातील रोझा पुढे केले. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचा पक्ष घेतला. शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, पण ही बिरुदावली वंशाच्या मूळ स्थानाची आठवण सांगते, त्या स्थानाचा पत्ता सांगत नाही. अखेर १९०१ मध्ये फ्लीटने आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव म्हणजेच तगर असे दाखवून दिले. त्याच सुमारास हेन्री कझिन्सने तेर येथील त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराची पाहणी करून मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेली ती इमारत मूळची बौद्ध चैत्यगृह असावी असे मत मांडले, आणि गावाच्या प्राचीनत्वास जमिनीवरचा आधार मिळाला. येथे पद्धतीची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तगर सापडले ते कोणा एका शिलालेखामुळे किंवा नाण्यामुळे नव्हे. भडोच ते पैठण आणि पैठण ते तगर ह्या दोन टप्प्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जमिनीवर ताडून पाहिल्यावर ते सापडले. नगराचा शोध वाटेने लावला.

प्रस्तुत विषय ह्याच वाटेचा आहे. गेल्या काही दशकांत ऐतिहासिक वारशाला पर्यटनाशी जोडावयाचे म्हणजे एखादे विषयसूत्र घेऊन त्याभोवती प्रवासमार्ग आखावयाचा, असा विचार सर्वत्र रूढ झाला आहे. अशा मार्गांची चर्चा बहुधा स्मारकांच्या अंगाने होते. वस्तुसंग्रहांचा विचार मागाहून, वाटेत पावसाचा आडोसा मिळावा तसा, केला जातो. सातवाहनकालीन दख्खनच्या बाबतीत हा क्रम उलटा असणे आवश्यक आहे. ह्या मार्गावर उभी राहिलेली स्मारके, लेणी सोडली तर, फार थोडी आहेत. मार्गाचा खरा पुरावा आज निरनिराळ्या गावांतील कपाटांत पडून आहे. तो एकत्र वाचल्याखेरीज मार्ग आखता येत नाही, आणि मार्ग आखल्याखेरीज तो पुरावा एकत्र वाचण्याचे प्रयोजन सामान्य प्रेक्षकास कळत नाही.

पुरावा किती विखुरला आहे ते पाहावे. सोपारा येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उघडला. त्यातून निघालेली दगडी पेटी, एकात एक घातलेले करंडक आणि बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्याच्या अशोकलेखाचा तुकडा पाहावयाचा तर त्याच शहरातील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, म्हणजे १९२२ साली जनतेस खुल्या झालेल्या पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये जावे लागते. सोपाऱ्यास मातीचा उंचवटा तेवढा उरला आहे. नेवासे येथे १९५४ ते १९५६ ह्या काळात सांकलिया, देव व अन्सारी ह्यांनी केलेल्या उत्खननात भूमध्यसागरी मद्यकुंभांची खापरे मिळाली. त्यांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज गाठावे लागते. पितळखोऱ्याच्या लेण्यांतील, हातावर पाटी धरून हसणारा बुटका यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडविला असे त्याच्या हातावरच कोरलेले आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सव्वातेरा हजारांचा साठा सापडला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्या राजाची सत्ता मोडल्याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. परंतु आज तो पाहणाऱ्यास एखाद्या संग्रहालयातील दोन-चार नाण्यांवर समाधान मानावे लागते.

ह्या विखुरण्यास कोणा एकाचा दोष देता येत नाही. १८७८ च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे सापडलेला ठेवा सरकारजमा होई व पुढे वाटला जाई. उत्खनन करणारी संस्था आपल्याकडील वस्तू अभ्यासासाठी आपल्याजवळ ठेवी, हेही स्वाभाविक होते. पण ह्यामागे आणखी एक कारण दिसते आणि ते वाटांच्या इतिहासातच आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर चढली. कल्याण, नाणेघाट, जुन्नर ही जुनी चढण तेव्हाच मागे पडली. त्यानंतर दख्खनच्या जमिनीतून जे काही निघाले ते नव्या वाटांनी मुंबईस, पुण्यास किंवा दिल्लीस गेले. वस्तू ज्या मार्गाने आयुष्यभर फिरल्या होत्या त्याहून अगदी निराळ्या मार्गाने संग्रहालयांत पोहोचल्या. त्यांच्या चिठ्ठीवर काळ आणि द्रव्य लिहिलेले असते, गावाचे नावही असते. ते गाव कोणत्या दोन गावांच्या मध्ये आहे, हे नसते.

ह्या दृष्टीने दोन लहान संग्रहालयांचे महत्त्व मोठे आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आणि पैठण येथील बाळासाहेब पाटील ह्यांनी आपापल्या गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू स्वतःच्या हौसेने जमविल्या. पुढे त्यांच्याच नावाची शासकीय संग्रहालये त्या त्या गावी उभी राहिली. पावसाळ्यात पांढरीची टेकाडे धुपतात आणि मणी, शंखांच्या बांगड्या, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. शेतकरी पांढरीची माती घरासाठी किंवा शेतासाठी खणून नेतो तेव्हाही त्या हाती लागतात. ज्या वयात माणसे असल्या वस्तू फेकून देतात किंवा मोडीत घालतात, त्या वयात ह्या दोघांनी त्या राखल्या. शास्त्रशुद्ध उत्खननाच्या दृष्टीने अशा संग्रहास थरांचा आधार नसतो हे खरे. परंतु तेरची वस्तू तेरमध्येच आहे आणि ती नदीच्या कोणत्या अंगास सापडली हे सांगू शकणारी माणसे काही पिढ्या गावातच होती, ही गोष्ट कोणत्याही महानगरीय संग्रहालयास साधलेली नाही. ही तोंडी माहिती कागदावर उतरवून घेण्याचे काम जितके लांबेल तितका संग्रह मुका होत जाईल. प्रवासमार्गाच्या आखणीत ह्या कामास पहिले स्थान असले पाहिजे, आणि बहुतेक आखण्यांत ते शेवटचेही नसते.

लामतुरे संग्रहातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. १९३८ मध्ये माइउरी ह्यांना पाँपेई येथील एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्यामुळे मूर्ती त्यापूर्वीची हे निश्चित. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी तेरच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानी आले. पुढे शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते ह्यांच्या नेतृत्वाखाली भोकरदन येथे झालेल्या उत्खननात त्याच घडणीची एक खंडित मूर्ती मिळाली, तेव्हा पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी ह्या मतास बळ आले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उत्तरेकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवरचे गाव. तीन मूर्ती तीन ठिकाणी सुट्या पाहिल्या तर त्या तीन सुंदर वस्तू आहेत. तेर, पैठण, भोकरदन आणि भडोच अशी रेषा काढून तिच्यावर ठेवल्या म्हणजे पेरिप्लसकर्त्याने ज्या गाड्यांचा उल्लेख केला आहे त्यांतील एका गाडीत काय असू शकेल हे कळते. तथापि पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येची लिपी, ह्या गोष्टीने प्रश्न खुला राहतो. प्रवाशास हा प्रश्न खुला म्हणूनच सांगावयास हवा.

येथे एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. पेरिप्लसातील गाड्या भडोचला जातात. नाणेघाट उतरून कल्याणला येत नाहीत. नकाशा पाहणाऱ्यास पैठणहून समुद्र गाठण्यास जुन्नर व नाणेघाट हीच वाट सोयीची वाटते, मग माल एवढ्या लांबून का फिरविला? त्याचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. कल्याण हे पूर्वी नियमित बंदर होते, पण पुढे सत्ता पालटल्यावर तेथे अडथळा करण्यात आला आणि तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. क्षहरात आणि सातवाहन ह्यांच्या संघर्षाची ही सावली आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे वाट एक नव्हती, दोन होत्या, आणि कोणत्या वेळी कोणती चालू राहील हे राजकारणावर अवलंबून असे. आजच्या मार्गाच्या फलकावर एकच ठळक रेषा ओढून ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ असे लिहिले तर ती सोय होईल, इतिहास होणार नाही.

जुन्नरच्या वाटेचा पुरावा मात्र स्वतंत्रपणे भक्कम आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातकर्णीची राणी नागनिका हिचा लेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापणे ह्यांची ती लांबलचक यादी आहे. त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासात आरंभीची म्हणून गणली जातात. सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णी, एक महारठी आणि राजपुत्र ह्यांच्या मूर्ती तेथे होत्या. त्या नष्ट होऊन वरची नावे तेवढी राहिली आहेत. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, ही परंपरागत समजूत आज प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि पर्यटनाच्या पत्रकांतही ती निःशंकपणे छापली जाते. लेखात जकातीचा उल्लेख नाही. रांजण जकातीचा असणे असंभवनीय नाही. पण प्रवासी रांजणाचे छायाचित्र घेतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव अंक ज्या भिंतीवर आहेत तिच्याकडे पाठ करून बसतो, ह्याला काय म्हणावे? पावसाळ्यात घाटावर गर्दी लोटते ती उलट्या उडणाऱ्या धबधब्यासाठी.

घाट चढून आल्यावर जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील दानलेखांत धान्यविक्रेत्यांची श्रेणी सातगर्भ लेणे आणि पाण्याचे टाके देते. बुरूड आणि कासार ह्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख येतात. इरिल नावाचा यवन दोन टाकी खोदवितो, चिट नावाचा यवन भोजनमंडप देतो. नहपानाचा अमात्य अयम हा मानमोडीच्या डोंगरात शेहेचाळिसाव्या वर्षाचा लेख कोरवून ठेवतो. व्यापारी, कारागीर, परदेशी आणि राजाधिकारी हे चौघेही एका कसब्याच्या परिघात भेटावेत, ह्यास कारण घाटाखेरीज दुसरे नाही. दा. ध. कोसंबी ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ ह्या ग्रंथात पश्चिम दख्खनच्या वाटांचा विचार केला तो पायी हिंडून. लेणी, आडवाटांवरची देवीची ठाणी, धनगरांच्या फिरतीचे मार्ग आणि वारीच्या वाटा ह्यांचा परस्परसंबंध त्यांनी जमिनीवर तपासला. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९५३ मध्ये, मोतीचंद्र ह्यांचा ‘सार्थवाह’ हा प्राचीन व्यापारी मार्गांवरील हिंदी ग्रंथ निघाला होता. मोतीचंद्र हे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक होते. संग्रहालयाच्या प्रमुखानेच वाटांचा इतिहास लिहावा हा योग मोठा होता. परंतु ग्रंथातील वाटा दालनांत उतरल्या नाहीत. दालने राजवंश, धर्म आणि द्रव्य ह्यांच्या क्रमानेच लागत राहिली.

युरोपात हा विचार संस्थात्मक पातळीवर १९८७ मध्ये सुरू झाला. त्या वर्षीच्या २३ ऑक्टोबर रोजी युरोपीय परिषदेने स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाहीरनामा काढून त्या यात्रेच्या जुन्या वाटांना पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणारांची संख्या त्या वर्षी तीन हजारांच्या आत होती. २०२३ मध्ये ती चार लाखांवर गेली. ह्या यशाची चर्चा होते तेव्हा एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ती वाट आखण्यास बाराव्या शतकातील एक हस्तलिखित हाताशी होते. त्याच्या पाचव्या भागात यात्रेकरूंसाठी मुक्काम, नद्या, पाणी आणि माणसे ह्यांची माहिती दिलेली आहे. ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ हे ते हस्तलिखित. ते सांतियागोच्या मुख्य देवळाच्या दप्तरातच होते. २०११ मध्ये चोरीस गेले आणि २०१२ मध्ये परत मिळाले. तसेच वाटेवरील अस्तोर्गा येथे बिशपच्या वाड्यात ‘वाटांचे संग्रहालय’ म्हणूनच एक संग्रह आहे. म्हणजे संग्रह आणि वाट ह्यांची फारकत तेथे मुळातच झालेली नव्हती. केवळ खुणेचे शिंपले रोवून आणि धर्मशाळा बांधून तो मार्ग उभा राहिला असे समजणे चुकीचे ठरेल.

२००८ मध्ये इकोमॉस ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांस्कृतिक मार्गांविषयी एक सनद स्वीकारली. तिच्यातील एक भेद फार उपयुक्त आहे. माणसांच्या प्रत्यक्ष ये-जा करण्यातून, देवघेवीतून दीर्घ काळ घडत गेलेला मार्ग वेगळा. आणि आजच्या सोयीसाठी काही स्थळे निवडून एका नावाखाली जोडलेली सहल वेगळी. दुसऱ्या प्रकारात गैर काही नाही, पण तिला पहिल्याचे नाव देऊ नये. भारतात २०१४-१५ पासून ‘स्वदेश दर्शन’ ह्या केंद्रीय योजनेखाली बौद्ध, रामायण, कृष्ण, सागरी, सूफी इत्यादी पंधरा विषयांचे परिपथ ठरविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य दुसऱ्या प्रकारात मोडतात. शिवाय त्यांची विभागणी मुख्यतः श्रद्धा आणि भूप्रकार ह्यांवर झालेली आहे. व्यापारास, कारागिरीस किंवा वाहतुकीस स्वतंत्र स्थान मिळालेले नाही.

विषयसूत्र हे प्रकाशझोतासारखे असते. ज्यावर पडते ते उजळते आणि शेजारचे अधिकच काळोखात जाते. शिवनेरीचे उदाहरण घ्यावे. २०१८ मध्ये राज्यशासनाने जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून घोषित केला आणि २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ ह्या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत शिवनेरी आहे. शिवजन्मस्थान पाहण्यास येणारा माणूस भक्तीने येतो आणि तृप्त होऊन जातो. त्याच डोंगराच्या कड्यात सातवाहनकालीन लेण्यांची रांग आहे. किल्ल्याचा विषय घेऊन आलेल्यास ती दिसत नाही, आणि बौद्ध लेण्यांचा विषय घेऊन आलेला किल्ल्यावर चढतोच असे नाही. वाटेचे सूत्र घेतले तर दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे होतात. घाटमाथ्याजवळचा हा डोंगर निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या लोकांना हवासा का वाटला, हा तो प्रश्न.

तेर, पैठण आणि नेवासे ह्या तीन गावांबाबत तर परिस्थिती अधिक चमत्कारिक आहे. पैठण एकनाथांचे, नेवासे ज्ञानेश्वरीच्या निर्मितीचे, तेर गोरोबाकाकांचे. तिन्ही गावे प्राचीन व्यापारी पेठा आणि तिन्ही गावे संतांची, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. जुन्या पेठा आणि नद्यांचे उतार जेथे होते तेथे वस्ती टिकली, आणि वस्ती जेथे टिकली तेथे परंपरा रुजली. परिणामी ह्या गावांना प्रवासी आणावयाचे नाहीत. ते शतकानुशतके येतच आहेत. एकादशीस तेरला आलेला वारकरी गोरोबांचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. त्याच गावातील संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची भांडी, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्याशुभ्र शाडूच्या मूर्ती, मणी आणि नाणी मांडलेली आहेत. कुंभार संताच्या गावी मातीच्या कामाची एवढी प्राचीन परंपरा असावी, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. पर्यटन खात्यांच्या हिशेबात वारकरी हा पर्यटक नसतो, आणि संग्रहालयाच्या हिशेबात तो प्रेक्षक नसतो. परदेशी पाहुण्यासाठी २००४ मध्ये ‘डेक्कन ओडिसी’ ही आरामगाडी सुरू झाली, आणि तिच्याविषयी जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही ह्या हजारो पायांचा विचार झालेला आढळत नाही.

परदेशाविषयीच्या ओढीचा आणखी एक परिणाम संग्रहांच्या मांडणीवर होतो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची लहान मूर्ती होती, ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. मूर्ती निःसंशय अपूर्व आहे. परंतु अशी एक मूर्ती दिसली की सारा मार्ग ‘रोमन व्यापाराचा मार्ग’ होऊन बसतो आणि कोल्हापूर ह्या वाटेवर नसले तरी ते तीत ओढून आणले जाते. तगरहून प्रत्यक्षात काय जात होते? कापड. आणि कापड दख्खनच्या मातीत टिकत नाही. व्यापाराचा जो सर्वांत मोठा भाग होता तो कोणत्याच कपाटात नाही. त्याचा माग दुसरीकडून काढावा लागतो. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात ह्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे एकूण तीन हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज येई आणि त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा व इतर खर्च चाले. कोष्ट्यांकडे एवढी रक्कम विश्वासाने ठेवली जावी, ह्यावरून त्या धंद्याची स्थिती कळते. ह्या लेखाचा ठसा आणि त्याचा सरळ मराठी अर्थ तेरच्या संग्रहालयात लावला, तर रिकाम्या जागी कापड दिसू लागेल.

उषवदाताच्याच दुसऱ्या एका लेखात प्रवाशांच्या सोयींची यादी आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका ह्या नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. हेतू पुण्याचा होता, आजच्या अर्थाने पर्यटनाचा नव्हे. पण यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मुक्काम, मग नदी, मग पाणी. आजच्या योजनांत आधी कमान येते.

मार्गामुळे होणाऱ्या हानीचाही विचार केला पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर आणि निर्यातीवर निर्बंध आहेत. तरीही पांढरीवर गर्दी वाढली की मणी आणि नाणी विकत मागणारी माणसेही वाढतात. लामतुरे आणि पाटील ह्यांच्या काळी वस्तू वेचणे हे रक्षण होते. आज हजारो लोकांनी तेच केले तर थर नाहीसे होतील आणि भावी उत्खननास काही उरणार नाही. म्हणून वाटेवरील टेकाडे प्रेक्षणीय स्थळे म्हणून जाहीर करण्याऐवजी प्रवाशास संग्रहालयाकडे वळविणे आणि टेकाडाचे दर्शन दुरून घडविणे हेच इष्ट होय. मूळ वस्तू परत पाठविण्याचा आग्रहही व्यवहार्य नाही. सोपाऱ्याचे करंडक सोपाऱ्यास ठेवण्यासारखी सुरक्षित जागा निर्माण होईपर्यंत ते मुंबईतच राहणे शहाणपणाचे आहे. पण स्तूपापाशी त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती ठेवण्यास, ‘येथून निघालेल्या वस्तू अमुक ठिकाणी आहेत’ असे लिहिण्यास, आणि मुंबईच्या दालनात ‘हे स्थान अमुक वाटेवर, कल्याण व भडोच ह्यांच्या दरम्यान’ एवढी एक ओळ घालण्यास फारसा खर्च नाही. सोपाऱ्याच्या फलकावर आणखी एक गोष्ट यावयास हवी. पेटीत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते आणि तिच्यातीलच बुद्धमूर्ती त्याहून कित्येक शतकांनी अलीकडच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला होता. एका स्थळास एकच काळ चिकटविण्याच्या सवयीस हा चांगला उतारा आहे.

राहता राहिला प्रश्न आरंभाचा. मुंबईहून निघून शनिवार-रविवारात परतणाऱ्या प्रवाशाच्या सोयीने मार्ग आखला तर तो सोपाऱ्यास सुरू होईल, नाणेघाट चढेल आणि बहुधा जुन्नरलाच संपेल. पैठण लांब पडेल आणि तेर त्याहून लांब. पेरिप्लसच्या कर्त्यानेही देश किनाऱ्यावरूनच पाहिला होता. पैठण आणि तगर ही त्याच्या लेखी आतल्या मुलखातली, दिवसांच्या हिशेबाने सांगावयाची नावे होती. माल मात्र उलट दिशेने चालत होता. तेरच्या पेठेत आसपासचे कापड आणि दूरच्या समुद्रकाठचा माल गोळा होई, तेथे गाड्या भरल्या जात आणि दहा दिवसांनी त्या गोदावरीच्या काठी पोहोचत. संग्रहांच्या क्रमाने मार्ग लावावयाचा तर पहिले दालन तेरणेच्या काठी लामतुऱ्यांच्या संग्रहात उघडते.